बटणांच्या डब्यातल्या अर्ध्या गोळ्या

दोष काकाचाच आहे, मावशी. तुम्ही त्याची बाजू घेणार हे मला तुम्ही दारात आलात तेव्हाच कळलं — 'धाकटे मास्तर कुठायत' हे विचारायची तुमची तऱ्हाच तशी होती. धाकटे मास्तर नाहीत. थोरले मास्तर वरच्या खोलीत आहेत, म्हणजे माझे बाबा, आणि ते कुणाला भेटत नाहीत. मी त्यांचा मुलगा. हो, तोच, कॉलेज अर्धवट सोडून पळालेला. म्हणजे माझी कीर्ती पोचलीय तुमच्यापर्यंत. कुणी पोचवली ते विचारत नाही. बसा त्या स्टुलावर, मिस्टरांचा कोट शोधतो. राखाडी म्हणालात ना — इथं सगळंच राखाडी आहे, शिवणाऱ्यांच्या डोक्यासकट. आणि एक सांगा, खरं सांगा, काकानं नाही ना पाठवलं तुम्हाला? कोटाचं निमित्त करून? बरं, नसेल पाठवलं. उगाच विचारलं. पण उत्तर द्यायच्या आधी तुम्ही जिन्याकडे बघितलंत, ते मी पाहिलं.

त्यानं फोन केला, 'दादाला बरं नाही, ये.' बस. काय झालंय, किती झालंय, विचारीपर्यंत ठेवून दिला. मी तिकडे उंच इमारतींना काचा बसवणाऱ्यांच्या टोळीत — मुकादम म्हणाला, दहा दिवस जागा धरून ठेवतो, अकराव्या दिवशी दुसरा माणूस चढवणार. दोन गाड्या बदलून एकोणीस तासांनी पोचलो, तर बाबा खाटेवर बसून काजं करतायत. चक्क काजं. मला म्हणाले, 'तू कशाला आलास?' आता सांगा, खरंच आजारी असलेला माणूस असं विचारतो? मला तिथंच काहीतरी काळंबेरं असल्याचा वास आला. पायात रक्ताची गाठ झाली होती म्हणे, ती छातीपर्यंत गेली होती, आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, दर आठवड्याला रक्ताची तपासणी. मग तपासणीला हा नेतो, गोळ्या हा देतो, डॉक्टरशी हाच बोलतो, तर मला कशाला बोलावलं? काका म्हणाला, 'मी दिवसभर खाली मशीनवर, वर कुणीतरी आपलं माणूस हवं.' आपलं माणूस. दोन वर्षांत एकदा तरी आठवण झाली होती का आपल्या माणसाची? मी म्हटलं, दुकान दोघा भावांचं, एक भाऊ खाटेवर, दुसऱ्याला काहीतरी लिहून घ्यायचंय माझ्याकडून. तसं काही निघालं नाही, ते सोडा. पण संशय यावा असं हा माणूस वागतोच कशाला?

तिसऱ्या दिवशी माझ्या शर्टाचं बटण तुटलं. हा डबा, बघा, बटणांचा — झाकण काढलं, आणि पांढऱ्या बटणांत अर्ध्या गोळ्या. अकरा. दोरा कापायच्या छोट्या कात्रीनं बरोबर मधोमध कापलेल्या, कडा सुद्धा साफ. डॉक्टरच्या कागदावर काय — रोज एक. मग हा अर्धी देतो आणि अर्धी लपवतो कशाला? माणूस पुरता बरा होऊ नये म्हणूनच ना? तुम्ही असता तर काय समजला असता? विचारलं का त्याला, असंच म्हणताय ना? नाही विचारलं. चोराला काय विचारायचं? मी सरळ सांगितलं, 'उद्यापासून गोळ्या मी देणार.' तो मशीनवर होता, मान वर न करता काहीतरी बोलला. मशीन चालू ठेवून बोललेलं काय ऐकू येतं? चाळीस वर्षं दोघं असेच बोलतायत, घरघरीत, आणि जगानं समजून घ्यायचं. 'अर्धी' एवढं ऐकू आलं मला. 'अर्धी' आणि 'कॅलेंडर'. म्हटलं, हा मलाही पढवतोय.

ते बघा कॅलेंडर, भिंतीवर. निळ्या खडूच्या खुणा. उभी रेघ, तिरकी रेघ, फुली. मला वाटलं गिऱ्हाइकांच्या ट्रायलच्या तारखा — कुणालाही वाटेल. मागाहून कळलं, ते डॉक्टरनं बदलून दिलेलं गोळ्यांचं प्रमाण होतं. रक्त जास्तच पातळ झालं होतं म्हणून. उभी म्हणजे पूर्ण, तिरकी म्हणजे निम्मं घे, फुली म्हणजे हात लावू नकोस — कापडावर करतात तेच यांनी औषधावर केलं. चार शब्द लिहायला काय हात झिजले असते? जुना कागद तसाच उशाखाली. तो फाडून टाकायची अक्कल नाही, आणि आम्ही म्हणे बेअक्कल, आम्ही शिक्षण सोडलेले.

मी रोज पूर्ण दिली. वेळेवर दिली. आणि संध्याकाळी डब्यातली एक अर्धी, आधी बुडवलेलं भरून निघावं म्हणून — हे मी तुम्हाला का सांगतोय? कुणाला सांगितलेलं नाही. बाबा एकदा म्हणाले, 'आज फुली आहे ना रे?' मी म्हटलं, 'कसली फुली, गिळा.' गिळली. पोरगा एवढ्या लांबून आलाय, त्याचं मन मोडू नये म्हणून गिळली असेल. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मी म्हटलं ब्रश जोरात घासतात. नवव्या दिवशी हातातला कप सुटला आणि मागोमाग ते. मेंदूत रक्तस्राव.

डॉक्टरनं विचारलं, 'गोळ्या कोण देत होतं?' मी म्हटलं, काका. पटकन तोंडातून गेलं. म्हणजे — तोच देत होता ना आधी? काका शेजारी उभा, गळ्यात टेप तशीच लोंबतेय. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. डॉक्टर त्याला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला, म्हणाला तुमच्या वयाला शोभत नाही. काकानं तेव्हाच बोलायचं होतं ना. मी काय त्याचं तोंड धरलं होतं? असा गप्प बसून माणूस दुसऱ्याला जन्मभर अडकवून ठेवतो, हे यांना बरोबर कळतं. बाबांनी डोळे उघडले त्या दिवशी काका चार शर्ट पिशवीत भरून गेला. मोठी कात्री ठेवून गेला. मी उघडून बघितली, धार लावून ठेवलेली. कुणासाठी लावली, मला तर सरळ कापता येत नाही.

हा घ्या कोट. बाह्या नाहीत. नुसत्या कच्च्या टाक्यावर आहे, ओढू नका, हातात येईल. दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्या — आणि असं बघू नका माझ्याकडे. वर जायचं नाही, सांगितलं ना. बाबांना बोलता येत नाही, काय विचारणार तुम्ही त्यांना? जा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.

उजवा हात गेला त्यांचा, डावा चालतो. मी पेला पुढे केला की त्या डाव्या हातानं बाजूला सारतात. समोरच्या घरातली बाई दिवसातून तीनदा येते आणि पाजून जाते. माझ्या हातून बाबा पाणी पीत नाहीत.