राजूच्या नावानं कटायचं

माझं माहेर यमगर्णी. निपाणीपासनं लांब न्हाय, वेदगंगेच्या काठाला. आमचा आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा, आई विड्या वळायची, आणि मी बी पानाच्या ढिगातच वाढले म्हणा की. शाळंत घातलं हुतं, पण आईचं बोट कापलं पान कातरताना, ते चिघळलं, मग मला काढली आणि बसवली तिच्या जागंवर. ती बसले ती बसलेच. आता बी बघा, तुमच्याशी बोलतीया पण हात थांबत न्हाईत.

लग्न झालं ते निपाणीत. मालक रस्त्यावर मैलकुली हुते. मैलकुली म्हंजे काय, तर ह्यो मोठा रस्ता हाय न्हवं बेळगावकडं जाणारा, त्यातला एक तुकडा एका माणसाच्या वाट्याला, त्यानं खड्डं बुजवायचं, गटार काढायची, झाडाच्या बुंध्याला चुना लावायचा. ह्यांच्या वाट्याला तवंदी घाटाखालचा तुकडा. सरकारी नोकरी म्हणून आप्पानं दिली मला. माणूस बरा हुता, ताई. बोलायचा कमी. घरी आला की पायाला डांबर असायचं, मी रॉकेलनं पुसून काढायची, तेवढाच आमचा संसार म्हणा, बोलणं असं काय न्हाय.

राजू झाला, मग चार वर्सांनी नंदा झाली. नंदा मांडीवर असतानाच राजूच्या तोंडावर सूज यायला लागली. सकाळी उठला की डोळं उघडायचं न्हाईत त्याचं. कुणी म्हटलं जंत झाल्यात, कुणी म्हटलं बाहेरचं हाय. निपाणीत दाखवलं, बेळगावात दाखवलं, मग मिरजेला न्हेला. मूत्रपिंडाचं दुखणं म्हणाले. पैसा कुठला? मग मालकांनी हापिसातल्या सोसायटीतनं कर्ज काढलं. त्याला दोन जामीनदार लागतात, एक म्हातारा मुकादम हुता आणि एक बसाप्पा, पलीकडच्या तुकड्यावरचा मैलकुली, कानडी माणूस. बसाप्पानं न विचारताच सही केली, पोरगं जगू दे म्हणाला.

जगलं न्हाय. सहावं लागलं हुतं. काय सांगू तुम्हाला, मिरजेहून येताना मालकांनी त्याला मांडीवर आडवा घेतला आणि एसटीतल्या लोकांना म्हणाले, झोपलाय. कंडक्टरनं उतरवू नये म्हणून. निपाणीपत्तोर मी बी मग तसंच समजून बसले.

पुढच्या उन्हाळ्यात मालक गेले. घाटात डांबर टाकायचं काम चाललं हुतं, हे लाल फडकं घिऊन उभे हुते, लॉरी आली आणि थांबलीच न्हाय. मला रडू आलं न्हाय, ताई. बायका म्हणायच्या हिला रडवा, हिला रडवा न्हायतर हिचं काय खरं न्हाय. एकीनं तर थोबाडीत मारली माझ्या. मी तिच्याकडं बघत बसले. मला वाटलं, हिच्या हातात लई बळ हाय.

मग पेन्शनीसाठी हापिसात बोलावलं. साहेब चांगला हुता, खुर्चीवर बसवलं मला. म्हणाला, शेवंताबाई, पेन्शन मंजूर हुईल, पण मालकाच्या नावावर सोसायटीचं कर्ज हाय, ठाऊक हाय न्हवं? मी म्हटलं, व्हय, पोराच्या दुखण्याचं. त्यो म्हणाला, तुमच्यावर जबरदस्ती न्हाय, तुम्ही राजीखुशीनं लिहून दिलंसा तरच तुमच्या पेन्शनीतनं कटंल. न्हाय दिलंसा तर जामीनदाराच्या पगारातनं कटंल. मुकादम तर वारला, ऱ्हायला बसाप्पा. विचार करून या, म्हणाला.

माझा भाऊ आलता यमगर्णीहून. त्यो म्हणाला, आक्का, खुळी हैस का, मेलेल्या माणसाचं कर्ज तू का फेडतीस, पोरीला काय खाऊ घालशील, अंगठा लावायचा न्हाय. मला बी त्येच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अंगठा लावायचा न्हाय असंच ठरलं हुतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्याला बसाप्पाची बायको आली. शिवव्वा. काखंला एक पोर, पदराला धरून एक. बसाप्पाला न सांगताच आलती ती. आम्ही जयभीमवाली माणसं, ती लिंगायताची, रस्त्यात भेटली तर चांगलं बोलायची पण आमच्या घरात कधी पाणी पेलेली न्हवती. त्या दिवशी उंबऱ्यावर न बसता आत आली, चटईवर बसली. मी चहा ठेवला. ठेवताना म्हटलं, पेईल का न्हाय. पेली. बशीत वतून, थेंब न ठेवता पेली, आणि कप स्वतः विसळून पालथा ठेवला. तोंडातनं शबूद काढला न्हाय कर्जाचा. नंदाच्या केसांवरनं हात फिरवला. मग बर्तीनी अक्का म्हणाली, येते म्हणून, आणि गेली. घरात तिची पाच पोरं आणि आंधळी सासू हुती, मला ठाऊक हुतं.

सकाळी जाऊन मी अंगठा लावला. भाऊ दोन वर्सं बोलला न्हाय माझ्याशी.

पेन्शन आणायला चिक्कोडीला जावं लागायचं. खिडकीतला क्लार्क मोठ्यानं सांगायचा, एवढी पेन्शन, एवढं कटलं, एवढं हातात. निम्म्याच्या आसपास जायचंच. मग उरलेल्यात भाडं, ज्वारी, रॉकेल. ऱ्हायलेलं विड्यांवर. विड्यांचं तर असं, तुम्ही दिवसभर वळा, आणि कारखान्यातला माणूस छाट, म्हंजे खराब, म्हणून मूठ-मूठ बाजूला टाकणार, त्याचं पैसं न्हाईत. रात झाली, दिवस झाला, मला काय कळायचं न्हाय. भूक लागली तर खायाचं, न्हाय लागली तर न्हाय. दुसरं लगीन कर म्हणायच्या बायका. मी व्हय बी म्हटलं न्हाय, न्हाय बी म्हटलं न्हाय, मग त्याच गप बसल्या.

नंदा मोठी व्हायला लागली तशी विचारायची, आई, कशाचं कटतंय? मी सांगितलं, तुझ्या दादाचं. तिला दादा कुठला आठवतोय, ती मांडीवरची. घरात फोटो न्हाय त्याचा. तिला दादा म्हंजे एवढंच, दर महिन्याला काय तरी कटतंय ते. छत्री मागितली, दादाचं कटलंय. सहलीला जायाचं हुतं आंबोलीला, दादाचं कटलंय. मी बी तसंच बोलायला लागले हुते, ध्यानात आलं न्हाय माझ्या.

आठवीत असताना शाळंत निळा स्कर्ट नवा पाहिजे म्हणाले, जुना गुडघ्याच्या वर गेलता, पोरं हसायची. मी म्हटलं पुढच्या महिन्यात बघू. तर ती म्हणाली, मेला तरी त्योच खातोय, मी जिती हाय तर मला काय न्हाय.

मी चुलीवरची आमटी ढवळत हुते. ढवळत ऱ्हायले. रडले न्हाय, मारलं न्हाय. तिलाच भ्या वाटलं मग, मागनं येऊन कमरंला मिठी मारली, म्हणाली आई मला मार की गं. मी म्हटलं, सर बाजूला, भाजंल. माझाच जुना निळा परकर उसवला आणि खालनं पट्टी जोडून दिली स्कर्टाला. रंग जुळला न्हाय. घालून गेली ती.

दर संक्रांतीच्या आधी बसाप्पा शेतातली ज्वारी आणून दारात ठेवायचा आणि जायचा. एकदा मी हाक मारली, म्हटलं अण्णा, आत या की. त्यो म्हणाला, आक्का, मला तुझ्या घरात यायला तोंड न्हाय. मी म्हटलं, शिवव्वा आलती की. त्याला त्या दिवसापत्तोर ठाऊकच न्हवतं. मग चप्पल काढून आत आला, बसला, मी चहा दिला.

आणि मग एका महिन्यात क्लार्क म्हणाला, मुगीतु. संपलं. समदी पेन्शन हातात दिली. माझ्या मागं बायकांची रांग हुती, मी तिथंच उभी. त्यानं विचारलं, आणि काय पाहिजे, अम्मा? मी म्हटलं काय न्हाय. पण पाय निघंना. एवढी वर्सं त्या खिडकीत दर महिन्याला माझ्या पोराचं काय तरी निघायचं, ते आता निघणार न्हवतं.

घरी आले तर नंदा म्हणाली, आई, एवढं कसं? आणि दादाचं? म्हटलं, फिटलं. तिनं सूप पुढं वढलं. ज्वारी निवडत हुतो दोघी. मग ती म्हणाली, आई, कसा हुता गं दादा?

कुणी विचारलंच न्हवतं मला. मी म्हटलं, त्याला र म्हणायला यायचं न्हाय. नाव विचारलं की सांगायचा, लाजू. बाबा कुठं गेलाय, तर लस्त्यावर. नंदा हसली. लाजू, लाजू म्हणत लई हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी सुपातलं खडं काढत ऱ्हायले.

आता ती बेळगावात मास्तरणीचं ट्रेनिंग करतीया, येळ्ळूरच्या मैत्रिणीबरोबर खोली घिऊन. चांगलं हाय. शिवव्वाच्या थोरल्या पोरीचं लगीन झालं, जेवून आले, पंगतीत शेजारी बसवलं मला तिनं. मला सुख वाटतंय का विचारलंसा, तर ताई, ते काय मला नीट कळत न्हाय. भाकरी मिळतीया, झोप लागतीया. तुमची पोरंबाळं धडधाकट ऱ्हावीत. चहा पिऊन जावा, आणि जाताना दार नुसतं लोटा, माझं हात भरल्यात तंबाखूनं.