हाताची खुर्ची

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आम्हा सर्वांचे थोरले फादर. त्यांच्या शेजारी बसलेले, दवाखाना बंद ठेवून आलेले बंदराचे डॉक्टरसाहेब. ज्यांच्या हातचं खाऊन मी इथं अंगानं भरलो त्या स्वयंपाकघरातल्या मावशी. खलाशांची विचारपूस करणाऱ्या आपल्या या मिशनच्या गाडीचे आणि त्या गाडीत बोलल्या गेलेल्या सगळ्या गुपितांचे राखणदार, आमचे ड्रायव्हरदादा. आणि जहाज धक्क्याला लागलेलं असताना माझ्यासाठी सुट्टी मागून आलेल्या खलाशी बंधूंनो,

अध्यक्षांनी मघाशी मला दोनदा सांगितलं, "बसून बोल." सत्कारमूर्तीसाठी म्हणून ऑफिसातली हाताची खुर्ची इथवर उचलून आणली आहे, तिच्यावर फुलंही ठेवली आहेत. मी आपला ऋणी आहे. पण मी उभ्यानंच बोलणार. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच. निरोपाच्या भाषणात वक्ता अडखळला तर श्रोते त्याला गहिवर म्हणतात. मी अडखळलो तर ते भीतीनं, हे आधीच सांगून टाकतो.

मी या धक्क्यावर पहिल्यांदा आलो तेव्हा मला वाटलं होतं, जहाजावर चढायचं आणि लोकांना देवाबद्दल सांगायचं. फादरांनी माझ्या हातात लोकरी टोप्यांची पिशवी दिली आणि म्हणाले, "आधी कानांचं बघ, ऐकण्याचं पुढे." अर्ध्या शिडीवर माझा पाय घसरला, पिशवी खाली, टोप्या पाण्यात. वरून कुणीतरी ओरडलं, "पाद्रीबुवा, माशांना थंडी वाजत होती का?" त्या दिवसापासून मी झालो धाकटे पाद्रीबुवा. ज्याला प्रार्थना हवी त्याच्यासोबत प्रार्थना केली, ज्याला चप्पल हवी त्याला बाजारात नेलं. खरं सांगू? चपलांचीच गर्दी जास्त होती.

(हसा, हसा. मावशी, तुम्ही का हसत नाही आहात?)

पण आपल्या कामाचा एक भाग असा आहे, जो कुणी पत्रकावर छापत नाही. जहाजावरच्या माणसाच्या घरी काही वाईट घडलं, तर ते त्याला सांगायला आपण जातो. त्याची शिस्त फादरांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवली. आधी त्या माणसाला जेवू घालायचं, कारण नंतर त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही. मग आजारपण असेल, अपघात असेल, तर उभ्याउभ्या सांगितलं तरी चालतं. माणूस गेला असेल तर मात्र बसवायचं. आणि साध्या खुर्चीवर नाही. हाताच्या खुर्चीवर बसवायचं, म्हणजे धरायला काहीतरी असतं.

फादर, आपण त्या खुर्चीकडे पाहिलंत. हरकत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. इंजिनखोलीत काम करणारा एक मिस्त्री होता, त्याची आई गेली होती. आम्ही त्याला जेवू घातलं, खुर्ची पुढे केली. तो बसेना. म्हणाला, "चला, तुम्हाला माझं इंजिन दाखवतो." आणि त्यानं आम्हाला प्रत्येक पंप दाखवला, प्रत्येक नळी, कुठली कधी गळते, कुठल्या नटाला कुठला पाना लागतो. मी घामाघूम झालो. मी फादरांच्या कानाशी लागलो, "सांगून टाकू या ना." फादर म्हणाले, "तो उभा आहे तोवर त्याची आई आहे. राहू दे त्याला उभा." शेवटी पंप संपले. मग तो एका उपड्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "बोला."

फादर, आज मी तुम्हाला पंपच दाखवतो आहे. आपण ते केव्हाच ओळखलं असेल.

आता थोडं घरचं. माझे बाबा शिंपी आहेत. मी इकडे यायला निघालो तेव्हा नातेवाइकांनी मोठमोठे आशीर्वाद दिले. बाबा म्हणाले, "तू देवाचं काम कर, मी तुझा कोट शिवून ठेवतो. परत आलास की पहिल्या रविवारी घालायचा." दर रविवारी मी फोन करतो. आणि बाबांचा पहिला प्रश्न कुठला? "काय रे, तिकडे दिवस आहे की रात्र?" दोन वर्षं मी त्यांना समजावतो आहे, बाबा, मी ठरल्या वेळेलाच फोन करतो, इथं दुपारच असते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. खांद्याचं माप त्यांनी फोनवरच घेतलं. "टेप सैल धरू नकोस, तुझा खांदा आहे, पोतं नाही." ही त्यांची माया.

मागच्या दोन रविवारी फोन ताईनं उचलला. पहिल्यांदा म्हणाली, बाबा आंघोळीला गेलेत. दुसऱ्यांदा म्हणाली, झोपलेत. दिवसाढवळ्या झोपणारा शिंपी तुम्ही पाहिलाय? मी कोटाचं विचारलं. म्हणाली, "झालाय की. काजं तेवढी बाहेरून करून घेतली."

मला शंका आली ती तेव्हा. बाबांनी उभ्या जन्मात काजं बाहेर दिलेली नाहीत. सणासुदीच्या घाईत, तापात, डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा. कापड कुणीही बेततो, काजात शिंपी कळतो, असं ते गिऱ्हाइकाला ऐकवतात. मग माझ्याच कोटाची काजं दुसऱ्याच्या हातची कशी?

मी ताईला पुढे काही विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. दुसऱ्यांच्या दाराशी वाईट बातम्या घेऊन जाणारा मी, स्वतःचा फोन हातात घेत होतो आणि खाली ठेवत होतो. मग फादर म्हणाले, "तुझं तिकीट अलीकडचं मिळालंय, पुढच्या महिन्याऐवजी उद्याच नीघ, घरचे वाट बघताहेत." मी म्हणालो, छान. ड्रायव्हरदादांनी माझी बॅग स्वतः बांधली. या माणसानं कधी कुणाची पिशवीसुद्धा उचललेली नाही, ते म्हणाले, "तू बस, मी करतो." मी तेव्हाही बसलो नाही. मनाशी म्हटलं, बाबा आजारी असतील. आजारी माणूस बरा होतो. एवढ्या एका वाक्यावर मी आजची सकाळ ढकलली.

आणि आज इथं आलो. या सभागृहात मी कितीतरी निरोप पाहिले. नेहमी आधी भाषणं होतात, मग जेवण, आणि लांबलेल्या भाषणाला मावशी आतून पातेलं आपटून आवरतं घ्यायला लावतात. आज दाराशीच मावशी म्हणाल्या, "आधी जेवून घे, बाळा. भाषणं मग." मावशी मला कधी बाळा म्हणत नाहीत. मावशी मला आडदांड म्हणतात.

तुम्ही वाढलंत तेवढं सगळं मी खाल्लं, मावशी. चव मात्र विचारू नका. समोर ती खुर्ची दिसत होती. फुलं ठेवलीत म्हणून ती मला ओळखू येणार नाही, असं वाटलं का तुम्हाला? ती मीच किती जहाजांवर उचलून नेली आहे. तिचा डावा हात सैल आहे, तोही मला पाठ आहे.

मी कुणावर रागावलेलो नाही. ताईनं गळ घातली असेल, तो तिकडे एकटा आहे, त्याला अर्धवट काही सांगू नका. आपण सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून मला सांभाळलंत. मीही असंच केलं असतं. फक्त आज पहिल्यांदा कळतंय की या बाजूला उभं राहिल्यावर किती भीती वाटते. माणूस वाटेल ते बडबडत सुटतो. त्या मिस्त्रीला मी मनातल्या मनात कंटाळलो होतो. आज तो इथं असता तर त्याचे हात धरले असते.

माझे पंप संपत आले आहेत. आभार मानायचे राहिले, ते मानतो. मावशींचे, दादांचे, डॉक्टरसाहेबांचे. डॉक्टर, आपण आज का आलात तेही मला आता कळलं. ज्यांनी मला आपल्या बोटीवर चढू दिलं आणि आपल्या घरच्यांचे फोटो दाखवले, त्या सगळ्यांचे. फादरांचे आभार मानत नाही, त्यांचं काम अजून व्हायचं आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर आज मला सांभाळून घ्या.

दादा, ती फुलं तेवढी उचला.

खिडकीतून अजून ऊन येतंय. बाबा, इथं दिवस आहे.

फादर, माझं जेवण झालं आहे. बसतो मी.