चिठ्ठीत निघालेलं घर

मथुरा : आमच्या घरात कोणाक महारोग नाय! तुमी दारात उभे रवू नकात. लोक बघतत.

दामले : मथुराबाई, आहे असं मी म्हटलंच नाही. सगळा गाव तपासायला आरोग्य खात्याकडे माणसं नाहीत, म्हणून थोड्या घरांचा नमुना घेतलाय. शितावरून भाताची परीक्षा.

मथुरा : मगे ता शीत आमचाच कित्याक? कोणी सांगल्यान?

दामले : कोणी नाही. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या मडक्यात घातल्या आणि न बघता काढल्या.

मथुरा : म्हंजे कौलच झालो! फुला लावा नायतर चिठ्ये काढा, बोट दाखवता तो रवळनाथच. आता गाव आमका बावडेर पाण्याक येवक देवचो नाय.

दामले : अहो, कौल लावतात तो देवाला माहीत असतं म्हणून. चिठ्ठीला काहीच माहीत नसतं, म्हणून तर ती काढायची. खुद्द गुरवाचं घर निघालंय. सकाळीच तपासून आलो.

मथुरा : गुरवाचा? ...तरी पण तुमी शेजारी धोंडूकडे जावा. थंय मोप माणसा आसत. माझ्या विमलाचा लगीन ठरला हा, फोंड्याक. पाया पडतंय तुमच्या.

दामले : ज्याला भीती वाटते त्यानं मला शेजारी धाडलं, तर नेमकी तीच घरं सुटतील. आकडा खोटाच कमी येईल. वरचे म्हणतील, इथे रोग नाही. मग नव्या गोळ्या इकडे येणारच नाहीत.

मथुरा : गोळ्यांनी बरो होता?

दामले : लवकर कळला तर होतो. उशीर झाला तर बोटं जातात.

मथुरा : आकड्यात नाव येता?

दामले : नाही. शेकडा किती, एवढंच.

मथुरा : विमला... भायर ये गो. दंड दाखव ह्यांका.

विमला : आये, तूच सांगलंस मा, नायटो आसा म्हणान?

मथुरा : माका काय कळता गो! मी भियालंय.

दामले : बस बाळ. नायटा असेल तर कापसाचा स्पर्श कळेल. त्या रोगात चट्टा बधिर होतो. डोळे मीट, आणि कापूस लागला की सांग.

विमला : हय... मनगटार लागलो.

दामले : बरोबर. आता दंडावर. मथुराबाई, तुम्ही बोलू नका.

(दामले चट्ट्यावरून कापूस फिरवतो. मग पुन्हा, जरा दाबून.)

विमला : लावा मा, दादानू. मी कधीची डोळे मिटून बसलंय.