नलूताईची गालगुंडं

गालगुंडांचं काय सांगता, आमच्या नलूताईचं लग्नच त्यात लागलं! वडील तेव्हा डहाणूला रेल्वेत होते. हळदीच्या दिवशी ताईचे दोन्ही गाल टम्म फुगले.

वडील म्हणाले, "तारीख पुढे ढकलू."

"लग्न उद्याच," ताईने ठणकावलं.

दुसऱ्या दिवशी डहाणूतल्याच मसोलीच्या मांडवात वरमाई तिला बघून ओरडली, "ही आम्ही पसंत केलेली मुलगी नव्हे! फसवलंत आम्हाला."

ताईचं तोंड जेमतेम उघडत होतं, तरी ती पुढे झाली. "बघायला आलात तेव्हा तुमच्या मुलाने विचारलं, 'पोहता येतं का?' मी विचारलं, 'तुम्हाला येतं का?'"

नवरदेव हसत म्हणाला, "आई, हीच ती. मला असं उलट दुसरं कोण विचारणार?"