जे पापच नव्हतं, त्याची क्षमा

आदरणीय अध्यक्ष नरहरराव, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या विजयाताई, आणि ब्राह्मणपाऱ्यातून, थेट नव्या रायपुरातूनही वेळ काढून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी वसईचा. घरात मराठी, प्रार्थना मराठीत. तरी रायपुरात आल्यावर विजयाताईंची मराठी कळायला मला वेळ लागला. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही पोरींले नीतिशास्त्र शिकवून राहिले, मी बालमानसशास्त्र. भांडण होईन आपलं." झालंही! राज्य नवं होतं, शाळा भराभर निघत होत्या, आणि आमच्या अध्यापिका विद्यालयात आम्ही दोघं त्याच मुलींना, माणूस चांगला कसा होतो, हे दोन तऱ्हांनी सांगत होतो. मी म्हणे, सदसद्विवेक म्हणजे अंतःकरणातला देवाचा आवाज. त्या म्हणत, "असन. पण पोट्ट्याचे कान उघडायले वर्षं लागतात, त्याचं काय?"

निरोपाच्या भाषणात गुण मोजून दाखवायची रीत आहे. ती मोडून मी एकच घटना सांगतो. जिची ती आहे, त्या सरोजिनी कुजूरला विचारूनच आलो आहे.

सरोजिनी जशपूरकडची, उरांव कुटुंबातली, आमच्याच धर्माची. अबोल, कामसू मुलगी. सरावासाठी ती शाळेतल्या पहिलीच्या वर्गावर जायची. एके दिवशी वर्गातली एक चिमुरडी घरच्या तान्ह्या भावावर चिडून म्हणाली, "वो मर जाए तो अच्छा!" आणि सरोजिनीनं तिच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात, की ती पोर बाकावरून खाली पडली.

मुलांवर हात उगारणाऱ्या विद्यार्थिनीला काढून टाकायचं, असा विद्यालयाचा नियम. प्राचार्या सिस्टरांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. मी म्हटलं, कृत्य वाईट आहे, तिला ते ठाऊक होतं, आणि कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. आमच्या शिकवणुकीत दोष ठरायला एवढं पुरतं. विजयाताईंनी फक्त विचारलं, "काहून मारलं, हे कोणी विचारलं का तिले?"

कोणीच विचारलं नव्हतं. त्या उठल्या. वसतिगृहाच्या पायरीवर सरोजिनी सामान बांधून बसली होती, तिच्याशेजारी जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं तिचा हात धरूनच ऑफिसात आल्या. "बता बेटा, जो मुझे बताया."

पापनिवेदनात ऐकलेलं आम्ही पाद्री मरेपर्यंत बोलत नाही. हे मात्र तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. ती पाच वर्षांची असताना तिला भाऊ झाला. आईच्या कुशीतली जागा गेली. एका संध्याकाळी ती येशूच्या तसबिरीपुढे उभी राहून म्हणाली, याला परत घेऊन जा. त्याच आठवड्यात बाळ तापानं गेलं. तेव्हापासून ती स्वतःला भावाची मारेकरी समजत होती. मोठी झाल्यावर तिनं हे पाप पुन्हा पुन्हा कबूल केलं, आणि दर वेळी तिला क्षमा मिळाली.

"पर जाता नहीं है, फादर. एक बार आप दे दीजिए."

विजयाताईंनी मला दारापाशी नेलं. "तुम्हा पाद्र्यांची क्षमा तिले पोचून नाही राहिली. कशी पोचन? दर वेळी क्षमा देता, म्हणजे दर वेळी सांगता की हव, तूच मारलं."

मित्रहो, आमच्या शिकवणुकीत समजेचं वय साधारण सात वर्षांचं मानतात. त्याआधी कसलं आलंय पाप? मी परत येऊन म्हटलं, "सरोजिनी, याची क्षमा मी देणार नाही. इथे पापच नाही." तिचा चेहरा पडला. "आप भी मना कर रहे हैं?"

तिथे माझी विद्या संपली. विजयाताईंनी तिला आठवडाभर बालवाडीत बसवलं. शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. "पाच साल का बच्चा कितना छोटा होता है, देख."

उन्हाळ्याचे दिवस. अनुश्री नावाच्या पोरीनं खेळता खेळता पंख्याकडे तोंड करून फुंकर मारली, आणि नेमकी वीज गेली! सगळी पोरं तिच्यावर ओरडली. ती हमसाहमशी रडायला लागली, "मैंने बंद कर दिया! मैंने फूंका ना!" तिची अगदी खात्री होती. सरोजिनी धावली, तिला मांडीवर घेतलं. "नहीं रे, तूने नहीं किया. तेरे फूंकने से क्या होता है? तू तो इतनी-सी है..."

आणि बोलता बोलता ती थांबली. त्या पोरीला उराशी धरून रडत राहिली. विजयाताई दारातच उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत.

मला वाटलं, आता थापडही माफ करून टाकावी. मी तसं सुचवलं. विजयाताई उसळल्या, "नाही, फादर! पाच वर्षांची असताना जे झालं, ते तिचं नव्हतं. थापड मारली ती मोठ्या बाईनं. ते तिचंच आहे. तेही काढून घ्यान, तर तिच्याजवळ काय राहीन?"

पाहा, मानसशास्त्राच्या बाई जबाबदारी मागत होत्या आणि पाद्री सूट देत होता! सरोजिनी पंडरी बाजाराच्या मागच्या वस्तीत त्या चिमुरडीच्या घरी गेली. आईची माफी मागितली, मुलीचीही मागितली. आई वाट्टेल ते बोलली. हिनं मान खाली घालून ऐकलं. सिस्टरांनी तिला एक सत्र मागे ठेवलं, पण ठेवलं. आज ती गावाकडे पहिलीलाच शिकवते.

त्या सुट्टीत घरी गेल्यावर तिनं आईला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपल्या बोलीत एवढंच म्हणाली, "मला तर आठवतं, तापात त्याच्या उशापासून तू उठत नव्हतीस. जेवलीसही तिथंच."

विजयाताई, आमच्या विद्यालयाला तुमची उणीव भासेल, आणि भांडायला कोणी नाही म्हणून मला जरा जास्तच. एका पाद्र्याला बोलायला उभं केलंत, याबद्दल आपल्या या मराठी मंडळाचा ऋणी आहे. दिलेल्या वेळेपेक्षा लांबलो, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्यावं. नमस्कार.