ओळीतली शेवटची बाई

नाई, तू वर जाऊन काय करतं बाबू, बस इथीच, सावली हाय — एकशे अकरा पायऱ्या हायेत त्या, तू एका बाजूनं चढशीन आन् तुही माय दुसऱ्या बाजूनं उतरून येईन, मंग तू वर आन् ती खाली. बस. तू लच्छूच ना? मी पाह्यल्याबरोबर वळखलं, कपाळ सारं सोमारीबाईचं हाय. मी रीता, मुलचेऱ्याकडची, नऊ दिवस तिच्यासंगच चालली, तिच्या पुढंच — आन् मागून रोज तुहंच नाव, लच्छू वडश्याले राइस मिलमधी हाय, लच्छू शेवटल्या दिवशी गाडी घेऊन येनार हाय, मले घरी नेनार हाय. आला ना तू. चांगलं केलं. पानी पी, हे उकळलेलं हाय. माय कुठी हाय? वर असंन, दर्शनाले. नाईतर सिस्टर लोकायजवळ असंन, त्या चालून आलेल्यायचे पाय धुवून देतात ना, गरम पान्यात मीठ टाकून — माहे? माहे नाई धुतले अजून. धुईन. घाई काय हाय.

तू मिलवाला मानूस, तुले या पदयात्रेचं काय मालूम, म्हून सांगतो. आमी एक्केचाळीस जन, सारे आसपासच्या गावचे. उपासाच्या महिन्यात नऊ दिवस पायी, मरियामाउलीच्या या टेकडीपर्यंत. रस्ता सारा जंगलातून, आन् हे मोहाचे दिवस, बाया पहाटे फुलं वेचाले वाकतात आन् वाघाले वाटते — जाऊ दे. तर फादरनं एक पद्धत पाडली हाय. एका ओळीत चालाचं, माळ म्हनत. पन सारे मिळून नाई. पह्यल्यानं आपली नमो मरिया म्हनाची, मोठ्यानं, मंग त्याच्या मागच्यानं, मंग त्याच्या मागच्यानं — असं शेवटल्यापर्यंत, आन् पुन्हा पह्यल्यापासून. वाघाले आवाज जाते हे एक. आन् दुसरं, कोनाचा आवाज नाई आला तर तिथीच ओळ थांबते, फादर स्वतः मागं येतात. कोन पडलं, कोन मागं राह्यलं, लगेच समजते. बारा वर्सं झाले, एक मानूस हरवला नाई या रस्त्यात. एक पन नाई.

आन् जो दमला त्याले सामानाच्या पिकअपमधी बसवतात. तुह्या मायले वाघापेक्षा त्या पिकअपचं भेव. नवस तुहाच होता ना — तुह्या डोक्यात मलेरिया गेला होता, चार दिवस डोळे नाई उघडले तू, तवा तिनं माउलीले म्हटलं, माहं पोरगं उठलं तर सारी वाट पायी येईन, एक पाऊल बी गाडीत नाई. तुले नसंन सांगितलं. मले सांगितलं. सहाव्या दिवशी चढावर तिचा दम भरला, तोंडातून आवाज निंघेना, आन् नंबर तिचा आला. मागून तिनं माहा पदर ओढला. मी काय करू? मी माही म्हटली आन् मंग आवाज जाडा करून तिची पन म्हटली. पुढच्याले काय दिसते, त्याले आवाज पाह्यजे. ओळ चालत राह्यली. मागं पाह्यलं तर तुही माय तोंडाले पदर लावून हसून राह्यली होती, शाळेतल्या पोरीवानी. तवापासून आमचं ठरलं, दम लागला की पदर ओढाचा, मी म्हनीन. फादरले सांगाचं नाई. मी पुन्य समजून केलं बाबू, तू कुरुसाची शपथ दे मले.

तशी ती शेवटी नसते हो. शेवटी आमचा नानाजी राह्यते, काठी घेऊन. पन काल त्याच्या टाचेचा फोड फुटला, आज सकाळी त्याले पिकअपमधी बसवलं, राह्यलो चाळीस. म्हून आज सोमारीबाई शेवटी. तिच्या पुढं मी. तिच्या मागं कोनी नाई.

काय पाहून राह्यला असा? वर असंन म्हटलं ना मी. आन् सिस्टरजवळ असंन हे पन म्हटलं, हो, दोन्ही म्हटलं — मले नाई मालूम बाबू. बस. उठू नको. उठला तर मले सांगनं नाई होनार, आन् हे मी अजून कोनालेच नाई सांगितलं.

सकाळी वनविभागाच्या फाटकावर गार्डनं सांगितलं, वाघीन पिल्लं घेऊन फिरून राह्यली, रस्ता सोडू नका. पुढं नाल्यात उतरलो तर रेतीत पाय उठलेले. ताजे. त्याच्यात पानी भरून राह्यलं होतं, आमच्या डोळ्यासमोर. फादरनं हातानंच दाखवलं, थांबू नका, माळ म्हना. आमी बांबूत शिरलो. बांबूत काय दिसते, पुढच्याची पाठ दिसते. माहा नंबर आला, मी म्हटली. मंग मागून आवाज नाई. पदर पन नाई ओढला कोनी. मी थांबली — किती, एक श्वास — आन् तिची म्हटली. म्हटलं दमली असंन. दुसऱ्या फेरीत पन नाई. म्हटली. तिसऱ्या फेरीत पन. मी मागं नाई पाह्यलं. मान फिरतच नोहती माही. मागं पायाचा आवाज नाई हे मले समजत होतं, वाळला पाला होता ना खाली, माह्याच पायाचा वाजत होता फक्त. पन मी चुप राह्यली असती तर ओळ थांबली असती, तिथीच, त्या बांबूत, आन् साऱ्यायनं माह्याकडे पाह्यलं असतं, आन् मंग मले मागं पाहा लागलं असतं. म्हून म्हनत राह्यली. माही आन् तिची, माही आन् तिची. अकरा वाजतापासून तं या टेकडीपर्यंत.

इथी आल्यावर काऊन नाई सांगितलं? सांगनार होती ना. आल्याबरोबर घंटा वाजली, लोकं रडत रडत पायऱ्या चढाले लागले, कोनी गुडघ्यावर चढून राह्यलं, आन् फादरनं हात जोडून म्हटलं, ओळ कुठीच तुटली नाई, चाळीसच्या चाळीस आले, माउलीची कृपा. कोनी मोजलं नाई. कायले मोजतीन, आवाज चाळीस होते. आन् आता सांगितलं तर पह्यला सवाल हाच, मंग तिची कोन म्हनत होतं? म्हून मी या खालच्या पायरीवर बसली. म्हटलं येईन ती हळूहळू, लंगडत येईन, मले चार शिव्या देईन, मंग संगं चढू. साडेबाराची बसली आहो. नऊ दिवस चालली, टाचा फाटल्या, आन् एक पायरी चढली नाई मी. तुही गाडी वाजली तं वाटलं कोनी बसवून आनलं तिले — नवस मोडला तं मोडला, आनलं तं सही. तर तू एकटा. किती वाजले? तीन? पाचले बंद करतात ते फाटक.

नाई, वाघाचं काई ऐकलं नाई मी. डरकाळी नाई, काई नाई. पाल्यात पन काई नाई. ओरडली? नाई ओरडली ती. ओरडली असती तं साऱ्यायनं ऐकलं असतं, सारे धावले असते, मी पन धावली असती, खरं सांगतो. साधी हाक मारली बाबू. एकदा. "रीता, थांब वं जराशी, चप्पल तुटली माही." असंच. आंगनातून हाक मारते कोनी तशी. भेली पन नोहती ती. पह्यली फेरी झाली होती फक्त, लय लांब पन नोहती, इथून त्या मेनबत्तीच्या दुकानाएवढी असंन. मी ऐकलं. चांगलं ऐकलं. आन् मी आवाज वाढवला.

असा नको पाहू. उठ, जा. एकटा जाऊ नको, गार्डले संगं घे, फाटकापर्यंत गाडी जाते, तिथून पायवाट हाय — नाला पार केला की बांबू लागते, बांबूच्या तोंडाशी मोठं ऐनाचं झाड हाय, तिथून पुढं हाका मारत जा. बसली असंन तिथीच. शहानी बाई हाय, वाट सोडनार नाई. झाडावर चढली असंन, गोंडाची पोर हाय, चढते ती. फादरले मी सांगतो — नाई, तूच सांग, वर नको जाऊ, त्या निळ्या मंडपात हायेत, जाता जाता सांग, काय सांगाचं ते सांग. मी? जागा दाखवाले? हात सोड बाबू. सोड, दुखते. सांगितली ना जागा, तिथी काय दुसरी वाट हाय चुकाले? मी नाई येत. गार्ड संगं असू दे, पन्नास मानसं असू दे, मी नाई येत. सकाळी लागत होतं तेवढंच भेव मले आता पन लागून राह्यलं, काईच कमी नाई झालं. हात सोड. तुले भेटली तर — नाई, काई नको सांगू तिले. जा.