साथ गेली, हुकूम राहिला

सन्माननीय अध्यक्ष वकीलसाहेब, आज बदलीवर निघालेले आपले तहसीलदार साहेब, शेजारी बसलेले पोलिसांचे अमीनसाहेब, तुळजापूरचे व्यापारी, पाटील-पटवारी मंडळी आणि मागं दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माझ्या माणसांनो,

मी जळकोटाकडचा कल्याणप्पा, भुसार दुकानदार. साहेबांच्या गौरवाचे चार शब्द बोलायला मला उभं केलंय. बोलतो. गळ्यातल्या लिंगाची आण घेऊन सांगतो, साहेबांनी कुणाचा एक पैसा खाल्ला नाही. असा हाकिम आम्ही पाहिला नव्हता.

पण मंडळी, आमच्याकडं पूर्वापार रीत आहे. घरात उंदीर मरून पडला की चूल विझवायची, दाराला कडी घालायची अन् शेतात खोपी करून राहायचं. गेल्या साली प्लेग आला, साहेबांना जादा इख्तियार-अधिकार मिळाले, गाव सोडायचं नाही असा हुकूम निघाला आणि शिवेवर जवान बसले. रोग पसरू नये हा हेतू. हेतूला मी नावं ठेवत नाही. पण रानात निघालेल्या आमच्या संसाराच्या गाड्या शिवेवरून माघारी हाकलल्या. माझी बायको इरम्मा त्याच उंदीर पडलेल्या घरात प्लेगानं गेली. शेवटी म्हणाली, "अवं, रानातलं वारं तरी लागू द्या की." कुठून लागू देऊ?

साथ गेली, हुकूम राहिला. का राहिला? सोयीचा होता म्हणून! लग्नाला परवाना, बाजाराला परवाना, चौघं पारावर बसले की अमीनसाहेबांची छडी. टाळ्या नका वाजवू, ऐका. अमीनसाहेब, तुम्हीही बसा. मी पळून जात न्हाय.

काल आमच्या गावात पुन्हा उंदीर पडले. माझ्या महानंदाच्याच घरात. लेक ओली बाळंतीण आहे. जावई गाडी जुंपून शिवेवर उभा आहे आणि जवान म्हणतो, "हुकूम हाय." सरकारी गल्ल्याची, धान्याची गाडी घेऊन मला परवान्यावर बाहेर येता येतं, बाळंतिणीला येता येत नाही! हुकूम साहेबांचा, तो त्यांनीच उठवायचा. त्यांची मोटार तर बाहेर उभी आहे. नवे साहेब येईस्तोवर प्लेग दम धरील का हो, अध्यक्ष महाराज?

साहेब, हा हार माझ्या हातात आहे. घालतो. भर सभेत तुमच्या पाया पडतो, मला लाज न्हाय. मोटारीत पाय ठेवण्याआधी जवान हलवा. माझ्या लेकीला रानात जाऊ द्या.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि साहेब, तुम्हाला पोटात घालता येत नसेल तर खुशाल बेड्या घाला. पण आधी शीव उघडा.